कावेरीची पूजा

(साल १९९७. धारूरच्या बसस्टँडमागचा एसटीडी बूथ, त्यातली काचेची केबिन आणि केबिनमध्ये कावेरी. तारेच्या दुसऱ्या टोकाला, औरंगाबादेत, समुपदेशक सत्यभामा. कावेरीनं पेपरातला नंबर फिरवला आणि सत्यभामानं लगेच उलट फोन लावला; दोघींचं हे पहिलंच बोलणं.)

कावेरी: ...न्हाई मॅडम, तसं काई दुखत न्हाई. कुठं दुखतंय म्हणून दाखवायचं तर हात ठिवायला जागाच घावत न्हाई.

सत्यभामा: हे मला नीट ऐकायचंय, कावेरीबाई. पण त्याआधी दोन-तीन साध्या गोष्टी विचारून घेते. केबिनचं दार लागतं का?

कावेरी: लागतं. पण काचंचं हाय. बाहेर दोघं-तिघं नंबरला थांबलेत, मी दिसायलेय त्यांना.

सत्यभामा: दिसू द्या. ऐकू जातं का?

कावेरी: बूथवाल्या बंकटभाऊंचा पंखा लई खडखडतो. न्हाई जात ऐकू.

सत्यभामा: देव भलं करो त्या पंख्याचं. आता त्यांच्याकडं पाठ करून बसा. स्टूल असेल ना? बसा. अन् मीच तुम्हाला फोन लावलाय, तेव्हा मीटरकडं बघू नका. लाईन कट झाली तर जागेवरच थांबायचं, मी पुन्हा लावीन. मध्येच ओळखीचं कुणी डोकावलं तर मला म्हणायचं, “मावशी, ब्लाऊजपीस मिळाला का?” मी लगेच कापडावर बोलायला लागेन. कापडातलं मला बरंच कळतं.

कावेरी: आमचं कापडाचंच दुकान हाय. तुमी कमी पडाल.

सत्यभामा: मग तर तुम्हीच बोला, मी हूं हूं करीन. आता मी कोण ते सांगते. मी डॉक्टर नाही. समुपदेशक आहे, त्याचं शिक्षण घेतलंय, परवाना आहे. तुमचं ऐकणं आणि तुम्हाला वाट काढायला मदत करणं हे माझं काम. गोळ्या मी देत नाही; लागतील असं वाटलं तर कुणाकडं जायचं ते सांगीन. तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. तुमच्या घरी नाही, शेजारी नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. फक्त एक गोष्ट सोडून.

कावेरी: कोणती?

सत्यभामा: तुमच्या किंवा लेकराच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही. पण तेव्हाही आधी तुम्हाला सांगीन, मग दुसऱ्याला. कबूल?

कावेरी: ...कबूल. मॅडम, लेकरू हाय ते तुमाला कसं कळलं?

सत्यभामा: तुम्हीच फोनवर पहिल्यांदा म्हणालात, “लेकराला झोपवून आलेय.” किती मोठंय?

कावेरी: चौथा महिना लागलाय. पोरगा हाय. मृत्युंजय नाव ठिवलंय आजोबांनी. समदे म्हणत्यात, कावेरी नशिबाची. पयलाच मुलगा, भरलेलं दुकान, नवरा हात उगारत न्हाई, सासू जीव लावती. मंग मला रडायला जागाच न्हाई बघा. रडायचं तर काय सांगून रडू?

सत्यभामा: ताप आल्यावर आपण काय सांगून तापतो?

कावेरी: मला कळलं न्हाई.

सत्यभामा: म्हणजे तापाला कुणी विचारत नाही, “एवढं सुख असून तू का आलास?” रडू येतं का फार?

कावेरी: आधी यायचं. आता ते बी न्हाई. मॅडम... हे कुणाला बोलले न्हाई मी.

सत्यभामा: सावकाश.

कावेरी: लेकरू रडलं की मला दूध पाझरतं. पदर भिजतो. अंगाला कळतं त्याचं रडणं. मला कळत न्हाई. शेजारच्याचं पोरगं रडावं तसं वाटतं. माय असून असं वाटतं म्हणजे मी काय म्हणायची?

सत्यभामा: आजारी म्हणायची.

कावेरी: आजारी?

सत्यभामा: हो. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं आजारी पडतं. चांगल्या घरच्या, चांगल्या स्वभावाच्या, मुलगा झालेल्या, मुलगी झालेल्या. त्यात तुमचा दोष नाही, लेकराचा नाही आणि नशिबाचाही नाही. माझ्या ओळखीचा आजार आहे हा. बरा होतो. झोप लागते?

कावेरी: पडून ऱ्हाते.

सत्यभामा: आणि जेवण?

कावेरी: ...जेवते की.

सत्यभामा: काय जेवता?

कावेरी: असंच. असंल ते.

सत्यभामा: बरं. बाळंतपण माहेरी झालं का सासरी?

कावेरी: सासरी. मला माय न्हाई. म्हायेर युसूफ वडगावला, पण वहिनीच्या जिवावर कशी जाऊ? आत्यांनीच समदं केलं. आत्या म्हंजी सासूबाई, उमाबाई. अन् आमच्यात बाळंतिणीचा विटाळ न्हाई मॅडम. आमी लिंगायत. गळ्यात लिंग असलं की विटाळ लागत न्हाई, तवा दुसऱ्या दिवसापासून देवघरात बी जाता येतं, चुलीपाशी बी. लई चांगलं हाय ते. पण कधीकधी वाटतं, त्या दुसऱ्या बायांना कसं खोलीत पडून ऱ्हायला मिळतं. कुणी शिवत न्हाई, कुणी बोलवत न्हाई.

सत्यभामा: तुम्हाला कुणी काही दिवस शिवू नये, बोलवू नये असं वाटत होतं.

कावेरी: ...हां. तसंच.

सत्यभामा: ह्या आठवड्यात एकच काम देते. फार मोठं नाही. सकाळी उठलात की, कशालाही हात लावायच्या आधी काहीतरी खायचं. भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीही. उपाशी अंगाला मन सावरायचं काम जमत नाही. जमेल एवढं?

कावेरी: बरं.

सत्यभामा: नुसतंच बरं?

कावेरी: बरं मॅडम. गुरुवारी याच टायमाला येते.

*

सत्यभामा: लागला एकदाचा. काय बंकटरावांचा फोन, सारखा गुंतलेला. कशा आहात?

कावेरी: बरी हाय.

सत्यभामा: दिलेलं काम केलं?

कावेरी: केलं की. खाल्लं.

सत्यभामा: काय खाल्लं?

कावेरी: शेंगदाणे.

सत्यभामा: कुठं बसून?

कावेरी: ...मॅडम, मी खोटं बोलायलेय.

सत्यभामा: बरं झालं.

कावेरी: बरं कावून?

सत्यभामा: मला खूश करायला खोटं बोललात आणि मग मला फसवायला नको म्हणून खरं बोललात. माझ्या धंद्यात ह्याला चांगला दिवस म्हणतात. आता सांगा, का नाही खाल्लं?

कावेरी: पूजेच्या आधी खाता येत न्हाई.

सत्यभामा: अच्छा. बघा, चूक माझी झाली. खा म्हणाले, पण का खात नाही ते विचारलंच नाही. मी तुमच्यातली नाही. मला सगळं पहिल्यापासून सांगा, मला काही येत नाही असं समजून.

कावेरी: सकाळी न्हाऊन, भस्म लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं. पाणी घालायचं, बेल वाहायचा, अन् त्याच्याकडं बघत बसायचं. मन त्याच्यात घालायचं. ती पूजा झाल्याबिगर तोंडात घास घालायचा न्हाई. लहानपणापासून करते मी. आधी लई गोडी होती मला. चुलीवर चहा उकळंस्तोवर होऊन जायची.

सत्यभामा: आणि आता?

कावेरी: आता हातावर लिंग घेऊन बसते, अन् मन लागत न्हाई. नुसता दगड दिसतो हातात. मंग पूजा झाली असं कसं म्हणू? उठते, पुन्हा न्हाते, पुन्हा बसते. दुपार होती. कवाकवा दिवस कलतो.

सत्यभामा: आणि तोवर पोटात काही नाही.

कावेरी: पूजाच झाली न्हाई तर खाऊ कसं? मावळतीला आत्या दूध देत्यात, ते पिते. तवा बी चोरी केल्यावानी वाटतं.

सत्यभामा: अंगावर लेकरू पितंय, आणि घरात कुणाला काही वाटत नाही?

कावेरी: वाटतं की. समद्यांला लई कवतिक वाटतं. आत्या गल्लीभर सांगत्यात, आमची कावेरी बसली की उठतच न्हाई, तहानभूक इसरती. पूजेतून माणसाला उठवू नये म्हणून कुणी हाक बी मारत न्हाई. परवा शेजारच्या सरस्वतीबाई माझ्या पाया पडल्या. माझ्या मायच्या वयाच्या. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मी खोटी, अन् ही बाई माझ्या पाया पडायलीय.

सत्यभामा: फार एकटं वाटलं असेल त्या वेळी.

कावेरी: हां. पण आता मिटली ती कटकट. काल मी लिंग काढलं अन् पाळण्याला बांधलं, लेकराच्या लिंगाशेजारी. त्याला बी जन्मल्यावर आमचे गुरू, स्वामी, बांधून गेलेत. दोन्ही एकाजागी ऱ्हायतील. मला लई हलकं वाटायलंय कालपासून. रात्री झोप बी लागली.

सत्यभामा: आवाजसुद्धा मोकळा वाटतोय तुमचा.

कावेरी: हाय की मोकळा.

सत्यभामा: ...कावेरीबाई, एक मिनिट. मी पुढं बोलणार होते, पण मघाशी केली तीच चूक पुन्हा करायची नाही मला. गळ्यातली साखळी काढून ठेवावी तसं ते काढलं, असं मी मनाशी धरून चालले होते. तुमच्यात लिंग काढलं म्हणजे काय?

कावेरी: काई न्हाई. काढलं.

सत्यभामा: एरवी कधी काढतात? अंघोळीला? झोपताना?

कावेरी: कवाच काढत न्हाईत.

सत्यभामा: दवाखान्यात? बाळंतपणात?

कावेरी: न्हाई. माणूस गेलं तरी काढत न्हाईत. आमच्यात पुरतेत; लिंग हातावर देऊन बसवतेत मातीत, संगंच जातं ते.

सत्यभामा: मग तुम्ही का काढलं? मी आहे इथं. घाई नाही.

कावेरी: लेकराजवळ ऱ्हाऊ द्यावं म्हणलं. माझ्यासंगं मातीत कशाला. त्याला तरी राखील.

सत्यभामा: मी सरळ विचारते, कावेरी. तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?

कावेरी: ...हां.

सत्यभामा: आज?

कावेरी: काल बी जाणार होते. मंग ध्यानात आलं, उद्या गुरुवार. तुमी फोनपाशी वाट बघत बसाल. म्हणलं, त्या बाईला उगं कशाला बसवून ठिवायचं. सांगून जावं.

सत्यभामा: माझ्यासाठी आलात.

कावेरी: हां.

सत्यभामा: आलात ते फार बरं केलंत. मला भीती वाटली आत्ता, खरंच सांगते. पण तुम्ही बोललात, म्हणून बरंही वाटलं. आता ऐका. पहिल्या दिवशी मी एक गोष्ट सोडून म्हणाले होते, आठवतं?

कावेरी: जिवाचा धोका असंल तर गप्प बसणार न्हाई.

सत्यभामा: आणि आधी तुम्हाला सांगीन. तर सांगते. मी गप्प बसणार नाही. घरी कोण आहे आत्ता?

कावेरी: हे न्हाईत. माल आणायला लातूरला गेलेत. मामा, म्हंजी सासरे, जेवून निजलेत. आत्या दुकानात बसल्यात, लेकरू त्यांच्यापाशी.

सत्यभामा: दुकान दिसतं का तुम्हाला तिथून?

कावेरी: समोरच हाय. पण आत्याला नका सांगू. पाया पडते तुमच्या.

सत्यभामा: काय होईल सांगितलं तर?

कावेरी: मरायचं म्हणाले त्याला न्हाई घाबरत मी. लिंग काढलं म्हणून त्यांना तोंड दावता यायचं न्हाई. ती बाई आजारी पडली तरी काढत न्हाई, पडून पूजा करती. तिच्या घरात मी असं केलं.

सत्यभामा: कावेरी, ऐक माझं. मी काई जन्माची औरंगाबादची न्हाई. मी उमापूरची हाय, गेवराई तालुक्यातली. उसाच्या फडावर वाढले. आमच्याकडच्या सासवा मला म्हायती हायेत. लई ओरडत्यात, पण मरायलेल्या लेकीला दारातून परत लावत न्हाईत. तुझी आत्या कशी हाय ते तुला म्हायती. जीव लावती म्हणालीस.

कावेरी: लावती.

सत्यभामा: मंग एकदा तिच्यावर टाकून बघ. सांगायचं तूच. मी तुझ्या कानाशी हाय, फोन ठिवणार न्हाई.

कावेरी: ...तुमी आमच्याकडच्याच की.

सत्यभामा: हां. हाक मार बंकटभाऊला.

कावेरी: ओ भाऊ. भाऊ, जरा आमच्या आत्याला बोलवता का? हां, दुकानातून. लेकराला घेऊनच या म्हणावं.

सत्यभामा: छान. आता काय दिसतंय ते मला सांगत राहा.

कावेरी: भाऊ रस्ता ओलांडायलेत. आत्या उठल्या. पदर खोचला. लेकराला खाकोटीला मारलं. चप्पल बी घातली न्हाई. ताई, मला लई भ्या वाटायलंय.

सत्यभामा: वाटणारच. रिसीव्हर घट्ट धरा.

उमाबाई: काय गं, काय झालं? कुणाचा फोन? वडगावचा हाय का? भाऊ बरा हाय ना तुझा?

कावेरी: वडगावचा न्हाई आत्या. ह्या ताई हायेत. औरंगाबादच्या.

उमाबाई: आण इकडं. हॅलो. कोण बोलतंय? जोरात बोला.

सत्यभामा: नमस्कार उमाबाई. मी सत्यभामा. मी मनाच्या आजारावर समुपदेशन करते. कावेरी माझ्याशी बोलत होत्या.

उमाबाई: मनाचा आजार? बाई, नंबर चुकला तुमचा. माझी सून येडी न्हाई.

सत्यभामा: वेड्या नाहीतच. आजारी आहेत.

उमाबाई: आजारी? अवं, ती पूजेला बसली की दिवस दिवस उठत न्हाई. तुमाला काय सांगू तिची भक्ती. अख्ख्या गल्लीत अशी पोरगी न्हाई. अन् आमच्या घरातलं तुमाला कशापायी? कोण तुमी? तोंड न्हाई बघितलं तुमचं.

सत्यभामा: बरोबर आहे तुमचं. परकी बाई फोनवर असं बोलली तर मीही चिडले असते. मी काही सांगणार नाही. कावेरी सांगतील. रिसीव्हर तुमच्या दोघींच्या मध्ये धरा. तिला मध्ये तोडू नका, एवढंच करा. कावेरी, बोला.

कावेरी: आत्या... ती भक्ती न्हाई. माझं मनच लागत न्हाई. नुसता दगड दिसतो मला, म्हणून उठत न्हाई मी. पूजा होत न्हाई म्हणून खात न्हाई. मला लेकराचं बी काई वाटत न्हाई. कशाचंच वाटत न्हाई. मला जगू वाटत न्हाई आत्या. मी... मी काल लिंग काढून पाळण्याला बांधलंय.

सत्यभामा: ...उमाबाई? आहात का लाईनवर?

उमाबाई: हाय.

सत्यभामा: बरं. मी थांबते.

उमाबाई: पदर सार. गळा दाव मला. ...रिकामा हाय गं.

कावेरी: चुकलं माझं.

उमाबाई: गप. सकाळी लेकराच्या लिंगाची पूजा करताना दोरा जाड लागला मला हाताला. म्हणलं, ह्याच्या बापानं, रुद्रेशनं, जास्तीचा गुंडाळला असंल. एवढं समोर, अन् मला दिसलं न्हाई. पोरगी उपाशी वाळायलीय अन् मी दारोदार कवतिक सांगत हिंडायलेय. अशी कशी मी?

सत्यभामा: उमाबाई, ते नंतर. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, स्वतःवर नको. आत्ता मला तुमची मदत लागणार आहे. ऐकताय?

उमाबाई: सांगा.

सत्यभामा: आजपासून कावेरीला एकटं सोडायचं नाही. न्हाणीत गेली तरी दाराबाहेर कुणीतरी पाहिजे. रुद्रेशरावांना निरोप धाडा, माल राहू द्या, या म्हणावं. उद्या सकाळी तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मनाच्या डॉक्टरांशी मी आज बोलून ठेवते. ते औषध देतील. उपास-तापास, अंगारा, काही करायचं असेल तर त्यानंतर करा, त्याच्याऐवजी नको.

उमाबाई: नेते. मीच नेते. अजून?

सत्यभामा: रागवायचं नाही आणि कौतुकही करायचं नाही. दोन्हींनी ती दमलीय. आणि ती जेवली पाहिजे, आजच. पण इथं मी अडलेय. पूजेशिवाय तिच्या घशाखाली घास उतरणार नाही, आणि पूजा तिला आज जमणार नाही. “सोड ती पूजा” असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. तुमच्यात ह्याला काही वाट असेल तर ती तुम्हालाच ठाऊक.

उमाबाई: ...कावेरी, हे लेकरू कोण हाय?

कावेरी: मृत्युंजय.

उमाबाई: त्याच्या लिंगाची पूजा कोण करतं?

कावेरी: तुमी.

उमाबाई: कावून? लिंग तर त्याचं हाय.

कावेरी: त्याला अजून कळत न्हाई म्हणून.

उमाबाई: मंग झालं तर. तुला बी सध्या कळत न्हाई. तुला कळायला लागंस्तोवर तुझी पूजा माझ्या हातावर. माझं, त्याचं अन् तुझं, तिन्ही मावत्यात. तू निस्ती माझ्या शेजारी बसायची. झाली की घास खायचा.

कावेरी: असं चालतं?

उमाबाई: लेकराचं चालतं की. तुझं बाळंतपण मी काढलं ते काय सून म्हणून काढलं? माय न्हाई म्हणतीस हमेशा, मला ते लागतं, पण कवा बोलले न्हाई. चल घरी. आदी ते गळ्यात बांधते तुझ्या.

कावेरी: स्वामींना इचारायला पायजे आत्या.

उमाबाई: इचारू. जेवल्यावर इचारू. बाई, हायेत का तुमी?

सत्यभामा: आहे.

उमाबाई: मघाशी जरा तोडून बोलले.

सत्यभामा: मला नाही लागलं. संध्याकाळी मी पुन्हा बूथवर फोन करीन. दोघी या. कावेरी?

कावेरी: जी.

सत्यभामा: संध्याकाळी मी फोनपाशी वाट बघत असेन. याल ना?

कावेरी: ...येते.

*

कावेरी: ताई, महिना झाला, पण ह्या गोळ्यांनी तोंडाला लई कोरड पडती बघा.

सत्यभामा: डॉक्टरांना सांगितलं?

कावेरी: सांगितलं. म्हणाले, पाणी पीत जा, होईल कमी. अन् आपल्या मनानं बंद करू नका म्हणाले. आत्यानं तर डबीच आपल्या कनवटीला लावलीय.

सत्यभामा: त्यांच्या कनवटीतून काही निसटायचं नाही. आठवडा कसा गेला?

कावेरी: सोमवार वंगाळ गेला. उठूच वाटंना. समदं पयल्यासारखं झालं म्हणून घाबरले. मंग तुमी सांगितलेलं आठवलं, वाईट दिवस आला म्हणजे आजार परत आला असं न्हाई. मंगळवारी जरा बरं वाटलं.

सत्यभामा: सोमवारी तो विचार आला का? जीव द्यायचा?

कावेरी: आला. दारापर्यंत येऊन गेला. मी आत्याला लगेच सांगितलं, तुमी म्हणालता तसं. त्या काई बोलल्या न्हाईत. तांदूळ निवडायलत्या, अर्धे माझ्या सुपात टाकले. दोघींनी निवडले.

सत्यभामा: तुमच्या आत्यांना मी माझ्याकडं नोकरी देते म्हणावं.

कावेरी: नका सांगू, खरंच येतील. आता गल्लीत कुणाची बी लेक बाळंत झाली की जाऊन इचारत्यात, “गं, तुला झोप लागती का? रडू येतं का?” अन् सरस्वतीबाईला बी सांगून टाकलं, माझी सून आजारी होती, मलाच कळलं न्हाई. मला आधी लाज वाटली. मंग सरस्वतीबाई म्हणाल्या, त्यांच्या धाकटीला बी असंच झालतं, तवा त्यांनी बाहेरचं लागलंय म्हणून सोडून दिलतं.

सत्यभामा: आणि पूजा?

कावेरी: स्वामी आलते. आत्यानं समदं सांगितलं. ते हसले अन् म्हणाले, तुमी केलंच हाय, आता मला काय इचारता? ताई, रोज बसते मी त्यांच्या शेजारी. त्यांच्या हातावर तिन्ही. परवा म्हणाल्या, कावेरे, हात भरून आला माझा, जरा तुझा हात खालून लाव. लावला. टेकला त्यांचा हात माझ्या हातावर, म्हाताऱ्या हायेत की.

सत्यभामा: कसं वाटलं?

कावेरी: ऊबदार होता. लई दिवसांनी कुणाचा हात ऊबदार लागला मला. अन् आज सकाळी, त्यांनी हात पुढं करायच्या आत, मी माझं मीच घेतलं.

सत्यभामा: मन लागलं?

कावेरी: खोटं न्हाई सांगत. थोडं लागलं, थोडं लेकराकडं गेलं. ते पाळण्यात बोटं तोंडात घालून बघायलतं माझ्याकडं. पयल्यासारखी न्हाई झाली पूजा. पण झाली. अन् मी जेवले.

सत्यभामा: मला फार आनंद झाला, कावेरी. अगदी मनापासून सांगते.

कावेरी: तुमच्या आवाजावरून कळलं. ताई, मी तुमाला बघितलं न्हाई कवा, पण तुमी आल्या तर ह्या रस्त्यावर वळखीन मी.

सत्यभामा: कशावरून?

कावेरी: कुणाचं तरी ऐकत उभ्या असाल.

सत्यभामा: ...बरं. आता पुढच्या आठवड्याचं बोलू. झोपेचं अजून बघायचंय आपल्याला, दुपारची किती लागते, रात्रीची किती. आणि रुद्रेशरावांशीही मला एकदा बोलायचंय, त्यांना चालणार असेल तर.

कावेरी: चालंल त्यांना. पण ताई, एक इचारू? राग न्हाई ना येणार?

सत्यभामा: विचारा.

कावेरी: आज मी आधी फोन ठिवू का?

सत्यभामा: ठेवा की. दुसरं कुणी थांबलंय का बाहेर?

कावेरी: न्हाई, बूथ रिकामाच हाय. लेकरू उठायची येळ झाली. उठल्या उठल्या मान वळवून वळवून मला हुडकतंय ते.

सत्यभामा: आत्या आहेत ना त्याच्याजवळ?

कावेरी: हायेत. पण मला बी दम निघत न्हाई.